बिनवासाची बरणी

१

बरणी धुणं आणि बरणीचा वास घालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं कुणालाही जमतं. दुसऱ्याला नाक लागतं आणि हट्ट लागतो, आणि मला दोन्ही जरा जास्तच मिळालंय.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि माझी थोरली जाऊ जुन्या काचेच्या बरण्या साफ करतो. खाणावळीतून येतात, भंगारवाल्याकडून येतात. साफ झाल्या की एका मधवाल्याकडे जातात. मधाचं एक वाईट आहे, तो शेजारच्याचा वास लगेच उचलतो. लसणाच्या बरणीत भरलात की आठ दिवसांत मधाला लसूण येतो. म्हणून मधवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, डाग राहिला तर चालेल, वास राहिलेला चालणार नाही." तो मला नाकवाली म्हणतो. म्हणू दे.

साबणावर विसंबणारी बाई या कामात टिकत नाही. साबण वास झाकतो, घालवत नाही. मी आधी खायचा सोडा आणि गरम पाणी घालते, मग व्हिनेगर. मसाल्याचा वास चिवट असेल तर मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवून बरणीत टाकायची, झाकण लावून हात भरून येईपर्यंत हलवायची. मग ऊन. उन्हानंही हात टेकले तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस बंद. शेवटी रिकाम्या बरणीला झाकण लावून रात्रभर ठेवायची आणि सकाळी उघडल्या उघडल्या नाक घालायचं. पहिला श्वास खरा. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं आणि खोटं बोलायला लागतं.

जाऊबाई स्टुलावर बसून तडे तपासतात. बाकीचे लोक बरणीवर टिचकी मारून बघतात. यांची रीत वेगळी. या बरणीच्या तोंडाला तोंड लावून आत "हूंऽऽ" करतात. धड बरणी गोल घुमते, तडा गेलेली चरचरते. दिवसाला शंभर बरण्यांत त्यांचा हूं जातो.

स्टुलावर बसायचं कारण म्हणजे पाय. त्यांना साखरेचा आजार. डाव्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तिथे थांबेलच असं नाही. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही पाठोपाठ गेले. मुलं आपापल्या वाटेला लागली. उरलो आम्ही दोघी, एकमेकींशी भांडायला. जाऊबाई गेल्या तर मी कुणाशी भांडू?

२

ती बरणी एका खाणावळीच्या पोत्यातून आली. रुंद तोंडाची, जाड काचेची, पत्र्याचं झाकण. लसणाचा भपकारा. जाऊबाईंनी हूं करून बघितलं, धड निघाली. मी सोडा केला, व्हिनेगर केलं, ऊन दिलं, संध्याकाळी झाकण लावून फळीवर ठेवली.

सकाळी उघडली तर आत कॉफी.

मी म्हटलं, झालं, वय झालं नाकाचं. पण बाकीच्या अकरा बरण्या बरोबर ओळखल्या. पुन्हा हिच्याकडे आले, पुन्हा कॉफी. लसणाच्या बरणीला लसणाचा वास राहिला तर मला राग येतो, पण समजतं. लसूण जाऊन कॉफी यायचं काय कारण?

पुन्हा धुतली. पुन्हा बंद केली. दुसऱ्या दिवशी उकडलेलं अंडं.

या वेळी मी डोळे मिटून नीट वास घेतला. कॉफी नुसती ठेवली तर तिला एक कडवट, सुका वास असतो. अंड्याचा वास ताटातला वेगळा. बरणीत होता तो वास कोमट होता. ओलसर. त्याच्या मागे जीभ होती, दात होते.

तो अंड्याचा वास नव्हताच. अंडं खाल्लेल्या माणसाच्या तोंडाचा होता.

३

मला भुताखेतांचं काही सांगू नका. काहीतरी फसवतंय एवढंच मला कळलं, आणि मला कुणी फसवलेलं खपत नाही.

वास काचेत मुरत नाही. मुरतो झाकणाच्या आतल्या रबरी कड्यात. मी ते झाकण फेकलं, नवं कोरं लावलं. सकाळी मासळी. कुणीतरी उघडत असेल म्हणून झाकणावर आडवी कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर पेनानं फुली मारली. सकाळी पट्टी जशीच्या तशी, आत कांदा.

आता मला सकाळची ओढ लागली. चहाच्या आधी मी शेडमध्ये. जाऊबाई विचारायच्या, "एवढं काय गं पळतेस, बरण्या काय उडून जाणारेत?"

"उडाल्या तर पकडायला नको?" म्हणून मी निघायचे.

चार दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. बरणीतलं जेवण आमच्याच घरातलं होतं. मासळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मासळी. म्हणजे तोंड एकतर माझं, नाहीतर जाऊबाईंचं. त्याच आठवड्यात माझी दाढ दुखत होती, मी रात्रभर लवंग धरून झोपले. सकाळी बरणीत लवंगेचा मागमूस नाही. उलट जाऊबाईंच्या गोळीचा कडू वास होता, त्या रात्री पाण्याबरोबर घेतात त्या गोळीचा.

आणि गोळीच्या वर, गोड गोड, खजूर.

आमच्या घरात खजूर नव्हता. नसायलाच हवा होता.

४

"काल खजूर किती खाल्लेत?"

"कुठला खजूर?" जाऊबाईंनी बरणी खाली ठेवली.

"पाच की सहा?"

"डोकं फिरलंय तुझं. दिवसभर सोडा हुंगतेस ना, त्यानं."

"वर पुदिना चावलात. वास मारायला."

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या उशीखाली हात घातलास?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आत जाऊन उशीखालून पुडी काढली आणि भंगारवाल्याच्या बायकोला देऊन टाकली.

पुढे तीन आठवडे माझं राज्य होतं. सकाळी बरणी उघडायची, मग त्यांच्यासमोर उभं राहायचं. "शेजारणीकडे केक खाल्लात." "चहात साखर घेतलीत, दोन वेळा." आधी चिडायच्या, मग घाबरायच्या, मग खायचं सोडलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय केलंत हो तुम्ही?" मी म्हटलं, "लक्ष ठेवते." जखमेची एक कड पहिल्यांदा गुलाबी दिसली.

म्हणून मी ती बरणी मधवाल्याकडे पाठवली नाही. आयुष्यात पहिल्यांदा वासाची बरणी मी मुद्दाम ठेवून घेतली.

एका दुपारी जेवण झाल्यावर जाऊबाई शेडमध्ये पोत्यांवर आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या. त्यांचं घोरणं म्हणजे जुना पंप. मी बरण्या पुसत होते. खिडकीतलं ऊन फळीवर पडलं होतं, आणि त्या उन्हात ती बरणी धुरकट दिसली. आतून. मग स्वच्छ झाली. मग पुन्हा धुरकट.

मी फडकं खाली ठेवलं.

जाऊबाईंचा श्वास आत गेला की काच स्वच्छ. बाहेर आला की काच धूसर. मी शंभरपर्यंत मोजलं. एकदाही चुकलं नाही. मध्येच घोरणं अडकलं, घोरणाऱ्या माणसाचं अडकतं तसं, आणि काचेवरची वाफ होती तिथेच थांबली. माझाही श्वास थांबला. मग जाऊबाई खोकल्या, आणि बंद बरणीचं पत्र्याचं झाकण "टक्" करून मध्यभागी फुगलं आणि बसलं.

मला भीती वाटायला हवी होती. पण मला वाटलं, झाकण जरासं उघडलं तर?

अर्धा फेरा फिरवला. जाऊबाईंनी एवढा लांब सुस्कारा सोडला की पोतं हललं, आणि त्या कुशीवर वळल्या. मी पटकन झाकण आवळलं. हात फडक्याला पुसत राहिले, हात कोरडे होते तरी.

५

माझं तोंड मला नडलं. एका सकाळी बरणीत जेवणच नव्हतं. उपाशी तोंडाचा आंबूस वास आणि पाणी. मी तशीच जाऊबाईंकडे गेले.

"काल ताट नेलंत खोलीत आणि जेवला नाहीत. काय केलंत त्याचं?"

जाऊबाईंनी मान खाली घातली. "काल हे जाऊन सात वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "घास उतरला नाही. खिडकीतून मांजराला घातलं." मग मान वर केली. "खोलीला आतून कडी होती. तुला कसं कळलं?"

आता थाप सुचेना. मी फळीवरून बरणी काढली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. वाफेचंसुद्धा.

त्यांनी झाकण काढून वास घेतला. "मला तर काहीच येत नाही."

"स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला कुठे येतो?"

हे त्यांना पटलं. हसतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे भरले. "म्हणजे महिनाभर तू माझ्या तोंडात नाक घालून बसलीस. मी रडले असेन, शिव्या दिल्या असतील तुला, तेही हुंगलंस का?"

"तुमच्या पायासाठी केलं."

"पाय माझा आहे. तोंडही माझंच. धू ती बरणी."

"जाऊबाई, राहू द्या. कशाचं काय होईल सांगता येत नाही."

"काय व्हायचंय? तुझी हेरगिरी बंद होईल." त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. "की जमत नाहीये? सरळ म्हण ना. मधवाल्याला सांगू आपण, नाकवालीला एक बरणी भारी पडली."

त्यांना माझं मर्म बरोबर ठाऊक. तीस वर्षं एका घरात काढली की कुठे टोचायचं ते कळतंच.

"आणा इकडे," मी म्हटलं.

६

पहिल्या दिवशी सोडा आणि व्हिनेगर. नेहमीपेक्षा जास्त फेस आला, बरणीतून उतू जाऊन माझ्या मनगटापर्यंत. स्टुलावर जाऊबाई एकसारख्या जांभया देत होत्या.

दुसऱ्या दिवशी मोहरीची पूड. मी बरणी हलवत होते आणि त्या म्हणाल्या, "तोंडाला काही चवच नाही बघ आज. भात खाल्ला की कागद खाल्ला, कळलं नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळलं. पण बरणी निम्मी साफ झाली होती, आणि निम्म्यावर हात काढून घेणं मला येत नाही. दुसरं काही कारण नाही. असतं तर सांगितलं असतं.

मग दोन दिवस कागदाचे बोळे, आणि वरून ऊन. पाचव्या सकाळी झाकण उघडलं.

काही नाही. नुसत्या काचेलाही एक थंड, पावडरीसारखा वास असतो, धुणाऱ्यालाच कळणारा. तोही नव्हता. इतकी स्वच्छ बरणी मी कधी केली नव्हती. जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या. "मानलं बाई तुला!" मीही फुगले. दुपारी मधवाल्याची गाडी आली, दोनशे बरण्या गेल्या, त्यात ती गेली.

त्या रात्री मला झोप लागेना. कशामुळे ते पहाटे कळलं. भिंतीपलीकडे घोरणं नव्हतं.

७

पाय बरा झाला. हे आधी सांगते, कारण मला तेच हवं होतं.

दहा दिवसांत जखम मिटली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा चष्मा पुसला आणि नर्सला बोलावून दाखवली. रोजची पट्टी मी बदलत होते. जखमेला वास असतो, तो हळूहळू कमी होतो, मला माहीत आहे. इथे तो कमी झाला नाही. एका दिवशी होता, दुसऱ्या दिवशी नव्हता. अंगठ्याची कातडी मेणासारखी गुळगुळीत, तिच्यावर रेघसुद्धा नाही.

जाऊबाई खुशीत. गोड मागत नाहीत. काहीच मागत नाहीत, समोर ठेवलं की खातात. कच्चा लसूण चावून माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलतात आणि मला काही येत नाही.

आधी मी माझ्या नाकावर संशय घेतला. व्हिनेगर हुंगलं, गटार हुंगलं, स्वतःची काख हुंगली. नाक शाबूत. मग धुवायला काढलेल्या उशीच्या खोळी घेतल्या. माझ्या खोळीला तेलाचा, केसांचा, माझा वास. त्यांची खोळ दुकानातून आत्ता आणल्यासारखी. दोन आठवडे त्या तिच्यावर झोपत होत्या.

मी मधवाल्याकडे गेले. "गेल्या खेपेतली एक बरणी परत पाहिजे. रुंद तोंडाची, जाड काचेची."

"नाकवाली, त्या बरण्या आता दोनशे घरांत गेल्या," तो म्हणाला. "का, वास राहिला की काय?"

"नाही. वास नव्हता म्हणूनच."

तो हसला, मग डोकं खाजवलं. "तक्रार मात्र एक आलीय. कुणी बाई म्हणे, मध गोडच लागत नाही. पहिल्या दिवशी होता, मग रोज फिका होत गेला. असं कुठं असतं?"

"ती बाई कोण? बरणी कुठाय?"

"बाजारात भेटली होती. मी दुसरी बरणी दिली तिला. जुनी तिनं फेकली असेल, मी कशाला विचारू?"

तीन दिवस मी बाजारामागच्या कचऱ्यात काठी घालून फिरले. भंगारवाल्याला, त्याच्या बायकोला, ओळखीच्या प्रत्येकाला सांगून ठेवलं. चौतीस बरण्या मिळाल्या. प्रत्येकीत नाक घातलं. कुठे लसूण, कुठे कॉफी, कुठे तेल. सगळ्यांना कसला ना कसला वास होता.

८

काल दुपारी आम्ही शेडमध्येच जेवलो. पाव, अंडं आणि मोठा कांदा चिरून. मुद्दाम. मी तीन फोडी खाल्ल्या, जाऊबाईंनी उरलेला सगळा. एरवी स्वतःचं तोंड कळत नाही, पण तेव्हा माझं मलाच नकोसं झालं होतं.

त्या पोत्यांवर आडव्या झाल्या. पंपाचा आवाज नाही. शेडमध्ये इतकं शांत होतं की उन्हानं पत्रा कडकडताना ऐकू येत होता. मी ताटं धुतली, पुसली. मग हातात एक चमचा राहिला. पुसून लख्ख, हाताला थंड.

मी त्यांच्या डोक्याशी बसले. छाती बघितली. हलत होती का, ते आजही सांगता येणार नाही. पोती भुसभुशीत असतात आणि माझेच डोळे हलत होते. वाकले, तोंडाशी नाक नेलं. पहिला श्वास खरा, म्हणून एकच घेतला.

माझ्याच कांद्याचा वास आला. बाकी काही नाही.

मग चमचा त्यांच्या ओठांशी धरला, वाफ धरते का बघायला.

"आला का वास?" डोळे न उघडता जाऊबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता भडकतील. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. लहान मूल अंधारात विचारतं ना, आहेस का गं, तसा आवाज होता. त्यांनाही कळलं होतं. कोण जाणे, माझ्या आधीच कळलं असेल.

बरणीच्या वासाबाबत मी आजवर कुणाशी खोटं बोलले नाही. मधवाल्याशी नाही, कुणाशीच नाही.

"आला की," मी म्हटलं. "कांद्याचा. तोंड धुऊन या आधी, वासानं शेड भरलीय नुसती."

"बरं झालं," जाऊबाई म्हणाल्या. "मला आपलं उगाच वाटत होतं." आणि हसल्या. चांगल्या तोंड उघडून, खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

चमचा अजून त्यांच्या ओठांशीच होता. त्यात मला माझा चेहरा उलटा दिसत होता, अगदी स्वच्छ.